लाकडी चांदणी

माझा भाऊ दोन जिने चढून वर आला तेव्हा त्याला धाप लागली होती. मला बरं वाटलं.

"अजून लिफ्ट नाहीच," दाराची चौकट धरून तो म्हणाला.

"होती. तू येणार कळल्यावर काढून टाकली."

त्याच्या मागून त्याची बायको आली. तिला धाप वगैरे काही नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे हातपाय वाकवते, तिला जिन्यांचं काय कौतुक! तिने बूट काढून भिंतीशी जोडीने लावले, "कशा आहात ताई?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सरळ अण्णांकडे गेली. तिची ही सवय मला कधीच आवडलेली नाही.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून खाली रस्त्याकडे बघत होते. हिवाळ्यात त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि शब्द गेले ते सगळे, एक सोडून. ज्या माणसाने जन्मभर शब्दकोश केला त्याच्याकडे शेवटी एक शब्द उरावा, असं कुणी मला लिहून दाखवलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय. पण झालं तसं. उरलेला शब्द होता 'गोष्ट'. चहा हवा, गोष्ट. चहा नको, गोष्ट. चष्मा, पाणी, संडास आणि मी, सगळ्यांना मिळून गोष्ट.

आणि माझा भाऊ आज अण्णांना न्यायला आला होता. तो राहतो तिथे जवळच म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे. तळमजल्यावर खोल्या, समोर बाग, चोवीस तास नर्स. त्याने मला न विचारता खोली ठरवून टाकली आणि मग फोन केला. मी फोनवरच सांगितलं की अण्णा इथून हलणार नाहीत. तो म्हणाला, येतो आणि समोरासमोर ठरवू. मीही म्हटलं, ये. समोरासमोर मी त्याच्याकडून आजवर कधी हरलेले नाही.

"अण्णांचे बूट कुठेत?" भावजयीने आतून विचारलं. तिने त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला होता आणि घोटा फिरवत होती.

"बूट कशाला हवेत? कुठे जायचंय त्यांना? वर ठेवलेत बांधून."

"रोज उभं करता ना?"

"आणि पडले म्हणजे?"

ती पुन्हा घोटा फिरवायला लागली. तिचं न बोलणं फार मोठ्या आवाजात असतं.

आमची पुढची खोली म्हणजे कचेरी आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. कचेरीत भिंतभर कपाटं, कपाटांच्या डोक्यावर छापून झालेले खंड, आणि मधोमध एक लांब टेबल. कोश कसला, तर इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश, आइसलँडिक अशा भाषांमधल्या सामाईक शब्दांचा. या सगळ्या एका आईच्या लेकी. आई स्वतः लिहून काही न ठेवता गेली. लेकींची नाकं, डोळे, हनुवट्या जुळवायच्या आणि आई कशी दिसत असेल ते सांगायचं, हा आमचा धंदा. मी या टेबलाशी केस पांढरे केले. भावानेही काही वर्षं केलं. मग तो पळाला आणि आता विमा कंपनीत दावे तपासतो. लोक खोटं बोलतायत का ते बघतो म्हणे. चोराच्या हातात किल्ल्या दिल्यावर दुसरं काय होणार!

तो का पळाला ते सांगायलाच हवं, कारण आजच्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

अण्णांचा सगळ्यात लाडका शब्द 'थिंग'. जर्मन नि डचमध्ये 'डिंग', स्वीडिश नि डॅनिशमध्ये 'टिंग'. आज विचाराल तर अर्थ नुसता वस्तू, कुठलीही, नाव आठवत नसलेली. पण हजार वर्षांपूर्वी याच शब्दाचा अर्थ होता सभा. ठरल्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं उघड्या माळावर जमायची, भांडणं सोडवायची, ती थिंग. आइसलँडच्या संसदेच्या नावात ती सभा अजून बसलेली आहे. मग सभेत ज्याच्यावर बोलणं व्हायचं त्या प्रकरणाला लोक थिंग म्हणायला लागले. मग कुठल्याही प्रकरणाला. मग कोपऱ्यात पडलेल्या कुठल्याही वस्तूला. अण्णा हे सांगताना दर वेळी बोट वर करून थांबायचे आणि म्हणायचे, "आणि आता आपल्याकडे बघा." आपल्याकडे गोष्ठ म्हणजे गाईंचा गोठा. त्यावरून गोष्ठी म्हणजे माणसांची बैठक. मग बैठकीतलं बोलणं. मग गोष्ट, जी आपण सांगतोही आणि हरवतोही. दोन दूरच्या भाषा एकमेकींना न विचारता एकाच जिन्याने खाली उतरल्या, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद व्हायचा.

त्यांनी तो आनंद घरात आणला. जुन्या नॉर्समध्ये 'हूसथिंग' म्हणून शब्द आहे, घरच्या माणसांची सभा. आमच्याकडे कुठलीही गोष्ट ठरवायची म्हणजे हूसथिंग भरायची, याच टेबलाशी, आणि तीही मंगळवारी. कारण जर्मन आणि डच लोकांच्या मंगळवाराच्या नावात हीच थिंग दडलेली आहे असं बरेच विद्वान मानतात. आमची शाळा, भावाचं लग्न, माझं न झालेलं लग्न, सगळं मंगळवारी. आई त्याला 'यांची हौस' म्हणायची आणि भाजी निवडत बसायची.

टेबलाच्या मधोमध एक लाकडी चांदणी असते. जुन्या छापखान्यातला ठसा आहे, जाहिरातीतली मोठाली चिन्हं छापायला वापरत तसा, काड्यापेटीएवढा. आमच्या धंद्यात जो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, नुसता तर्काने बांधलेला आहे, त्याच्या आधी चांदणी लावायची असते. सगळं जग लावतं. पण अण्णांचा नियम आणखी एक होता. चांदणी लावणाऱ्याने सभेत उभं राहून म्हणायचं, "हे मी पाहिलेलं नाही. हा माझा अंदाज आहे." बसून का नाही, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, बसल्या बसल्या केलेला अंदाज थोड्या वेळाने खराच वाटायला लागतो. आणि कुणी चांदणी लावायला विसरला तर अण्णा एक अक्षर न बोलता तो ठसा त्याच्या पुढ्यात सरकवायचे. मग तो उठलाच पाहिजे. मोठमोठे पाहुणे प्राध्यापक उठलेले मी बघितलेत, कान लाल करून.

भावाने 'थिंग'ची नोंद लिहिली तेव्हा सुरुवातीलाच ठोकून दिलं की शब्दाचा मूळ अर्थ 'ठरलेली वेळ'. चांदणी नाही, काही नाही. अण्णांनी ठसा सरकवला.

"गॉथिकमध्ये 'थीह्स' आहे की," तो म्हणाला. "म्हणजे वेळच."

"तिथे वेळ आहे, सभा नाही," अण्णा म्हणाले. "वेळेची सभा होताना तू पाहिलीस?"

तो उभा राहिला, पण निघून जायला. ठसा तिथेच राहिला. त्यानंतर वर्षातून दोनदा यायचा, पेढीवर सही करायला आल्यासारखा.

तर आजही मंगळवार होता. मी मुद्दामच मंगळवार दिला होता. भावजय आणि मी अण्णांची खुर्ची टेबलाच्या डोक्याशी ढकलत नेली. त्यांनी टेबलावर डावा हात ठेवला आणि आमच्याकडे बघायला लागले. ते आमच्याकडे बघत होते की आमच्या पलीकडे, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एक मात्र मनात येऊन गेलं. इतकी वर्षं अण्णा ही सभा चालवायचे. आज सभेपुढचं प्रकरण तेच होते. शब्द ज्या जिन्याने उतरला त्याच जिन्याने आम्ही आमच्या बापाला उतरवत होतो, आणि पुढची पायरी वस्तूची होती.

"धाकट्याने आधी बोलायचं," मी म्हटलं.

"नियम माहीत आहेत मला." त्याने घसा साफ केला. "दोन जिने, लिफ्ट नाही. आग लागली तर तू त्यांना घेऊन उतरणार आहेस? तू आता साठीची होशील."

"माझं वय सभेपुढे नाही."

"बरं. हिवाळ्यापासून ते या घराच्या बाहेर पडलेले नाहीत. डॉक्टर वर यायला कुरकुरतो. तिथे सगळं तळमजल्यावर आहे, मी रोज संध्याकाळी जाईन."

"रोज! तुला वर्षातून दोनदा वेळ मिळत नव्हता."

"मध्ये बोलायचं नाही, हाही नियम आहे ताई." तो पुढे वाकला आणि अण्णांच्या डोक्यावरून बोलावं तसा बोलला. "आणि खरं सांगू का? त्यांना आता काही कळत नाही. त्यांना इथे काय आणि तिथे काय. हे टेबल, हे खंड, हे सगळं तुझ्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठसा उचलला आणि त्याच्या पुढ्यात आपटला.

"उभा राहा."

"हा पोरखेळ बंद कर."

"त्यांना कळत नाही हे तू पाहिलंस? कुठे पाहिलंस? उभा राहा आणि म्हण."

"पाहायचंय तुला?" तो अण्णांकडे वळला. "अण्णा, चहा हवाय?"

अण्णांनी मान डोलावली. "गोष्ट."

"अण्णा, चहा नकोय ना?"

अण्णांनी मान डोलावली. "गोष्ट."

"झालं?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्याच्या तोंडावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी मान्य करते. पण दावा फेटाळताना त्याचं तोंड असंच होत असणार. त्याने ठसा बोटाच्या टिचकीने परत मधे उडवला. तो अण्णांच्या डाव्या हाताजवळ जाऊन थांबला.

"डॉक्टर म्हणाले होते," भावजय हळूच म्हणाली, "मान चुकते, म्हणून समज गेली असं नसतं. हो आणि नाही यांची नुसती अदलाबदल..."

"तू थांब जरा," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. बहीणभावांचं तेवढं एकमत झालं.

मग माझी पाळी आली. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पंधरा वर्षांचं साठवलेलं होतं, बाहेर पडलं. आईच्या आजारपणात तो कुठे होता, कोश अर्धा टाकून तो कुठे गेला, अण्णा दर मंगळवारी त्याची खुर्ची पुसून घ्यायचे तेव्हा तो कुणाचे जळालेले सोफे मोजत होता. तो पांढरा पडला. मला आणखी जोर चढला.

"आणि इथे त्यांना काही कळत नाही म्हणतोस? अरे, अजून काम करतात ते! रोज. खिडकीतून वळतात, त्या कपाटावर बोट दाखवतात आणि म्हणतात, गोष्ट, गोष्ट. मी एकेक खंड काढून देते. पटेपर्यंत देते. बारा खंड मांडीवर ठेवून होतात, एकही पटत नाही, ढकलून देतात. का? कारण त्यांना 'थिंग'चा खंड हवाय, आणि तो अजून छापून व्हायचाय! तुझ्यामुळे रखडला तो. त्यांना तो इथे, या टेबलाशी पुरा करायचाय. त्यांना इथेच राहायचंय."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनी. त्यांनी स्वतः सांगितलंय मला."

"कुठल्या शब्दांत?"

"शब्द लागतात कशाला? मी त्यांच्याबरोबर राहते. मला कळतं त्यांना काय हवं ते."

टेबलावर लाकूड घासल्याचा आवाज आला.

अण्णांचा डावा हात ठशावर होता. ठसा सावकाश सरकत होता. आधी भावाच्या दिशेने गेल्यासारखा वाटला, तेव्हा माझा जीव हरखला. मग तो त्याला ओलांडून वळला, चहाच्या कपाला बगल देऊन पुढे आला आणि माझ्या पुढ्यात थांबला. अण्णांनी हात मागे घेतला आणि भुवया वर केल्या. त्या भुवया मी जन्मभर बघितल्या होत्या.

"बघ!" भाऊ ओरडला. "बघ, त्यांनी तुलाच..."

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. कारण चांदणी कुणाला द्यायची हे ज्या माणसाला कळतं, त्याला सगळंच कळत होतं. आम्ही त्याच्या डोक्यावरून जे जे बोललो तेही. आम्ही दोघंही एकाच झटक्यात हरलो होतो.

खाली एक गाडी हॉर्न वाजवत होती. मला वाटलं की म्हणावं, अण्णा, चुकून सरकवलात. मला वाटलं, ठसा उचलून खिडकीबाहेर फेकावा. राग भावाचा होता तेवढाच अण्णांचाही होता. हिवाळ्यापासून मी त्यांचं सगळं केलं आणि त्यांनी मला सूनबाईसमोर उभं केलं. पण भुवया खाली येत नव्हत्या.

मी उभी राहिले.

"हे मी पाहिलेलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हा माझा अंदाज आहे."

अण्णांनी हात पुढे केला. मी ठसा त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो तसाच, सावकाश, भावाच्या पुढ्यात नेला.

तो टेबलाकडे बघत बसला. या माणसाने एका चांदणीपायी घर सोडलं होतं. मला वाटलं, आता परत सोडणार.

"अहो," भावजय म्हणाली, "उभे राहा."

तो उभा राहिला. एका हाताने खुर्चीची पाठ धरून त्याने ते वाक्य म्हटलं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलाने म्हणावं तसं, पुटपुटत. ऐकू आलं नाही अशा खुणेने अण्णांनी कानामागे हात धरला. त्याला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याचा मुळीच कळवळा आला नाही.

"मग आता त्यांना विचारा ना," भावजय म्हणाली.

"कसं विचारणार? मान डोलावतात ते, सगळ्यालाच," भाऊ म्हणाला.

"मान डोलवायला लावू नका. काय हवं ते त्यांनाच दाखवू द्या. अण्णा, तुम्हाला काय हवंय? दाखवा."

अण्णांनी डावा हात उचलला आणि कपाटाच्या डोक्याकडे बोट केलं. "गोष्ट," ते म्हणाले.

मी सवयीने स्टूल ओढलं. माझ्या अंगात पुन्हा धीर आला. बघा, खंडच हवेत की नाही. मी पहिला खंड काढला. अण्णांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. इतके महिने ते असंच करत होते आणि मी त्याला संपादकाचा तऱ्हेवाईकपणा म्हणत होते.

"ताई," भावजय खालून म्हणाली, "खंडांच्या मागे काय आहे?"

खंडांच्या मागे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक पुडकं होतं. मीच ठेवलं होतं. झटक्यानंतर अण्णा घरी आले त्याच आठवड्यात, आता कशाला लागतायत, म्हणून.

मी ते खाली दिलं. अण्णांनी दातांनी सुतळी ओढायला सुरुवात केली. भावजयीने गाठ सोडली. तपकिरी बूट, टाचांशी झिजलेले. त्यांनी डावा बूट मांडीवर घेतला, अंगठ्याने वरची धूळ पुसली, आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "गोष्ट." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, न कळणाऱ्या माणसाला दहाव्यांदा समजवावं तसं, पुन्हा म्हणाले, "गोष्ट."

मी स्टुलावरच बसले. उरलेला हिवाळा आणि त्यानंतरचा सगळा उन्हाळा तो माणूस खिडकीतून रस्ता बघत बूट मागत होता, आणि मी त्याच्या मांडीवर शब्दकोश ठेवत होते. मला रडू आलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की दात एकमेकांवर घासले गेले. आणि त्याहून जास्त राग हा आला की हे तिला कळलं, आल्या आल्या, घोटा फिरवता फिरवता. मला कळलं नाही.

आम्ही त्यांना खाली नेलं. उजवीकडून भाऊ, डावीकडून मी, आणि भावजय त्यांच्या पुढे एक पायरी खाली, उलट्या पावलांनी, "आता हा पाय, आता तो" असं म्हणत. मधल्या वळणावर भाऊ म्हणाला, "नीट धर ना." मी म्हटलं, "तू आधी तुझी बाजू सांभाळ." अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि आम्ही पुढची पायरी उतरलो. खाली पोचायला फार वेळ लागला. अण्णा घामाने निथळले होते, पण एकदाही थांबा असं त्यांनी खुणावलं नाही.

रस्त्यावर ऊन होतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी कुत्रा घेऊन गेलं, कुणी हातगाडीवरून खोकी नेली, समोरच्या दुकानाचा माणूस बाहेर येऊन त्यांच्याकडे बघून हात हलवून गेला. अण्णांनी सगळं बघितलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी हिवाळ्यापासून बघितला नव्हता.

"झालं ना फिरून?" मी म्हटलं. "चला, आता वर. थोडं थोडं रोज उतरत जाऊ."

त्यांनी जिन्याच्या दाराकडे बघितलं, मग भावाच्या गाडीकडे. आणि मग त्या माणसाने, ज्याला मी पडतील म्हणून कधी उभं केलं नव्हतं, भिंतीला धरून स्वतः दोन पावलं टाकली. गाडीच्या दिशेने.

भावजयीने दार उघडलं. मी बाजूला झाले. सभेत ठरलं की मग भांडायचं नाही, हाही आमचा नियम आहे. त्यांना आत बसवताना त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि म्हणाले, "गोष्ट." त्याचा अर्थ मला माहीत नाही. माहीत आहे असं लिहिलं तर चांदणी लावावी लागेल.

"कपडे, औषधं उद्या येऊन घेऊन जाईन," भाऊ म्हणाला. गाडीला वळसा घालून तो जवळ आला. "आणि मंगळवारी त्यांना घेऊन येईन. सभेला. दर मंगळवारी."

"तू?" मी म्हटलं. "आधी चांदणी लाव."

तो हसला नाही. मीही विनोद केला नव्हता. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही. गाडी वळेपर्यंत मी थांबले आणि मग वर आले. दुसऱ्या जिन्यावर मलाही धाप लागली.

खोलीत वर्तमानपत्र आणि सुतळी जमिनीवर तशीच होती. मी ती उचलली. खंड परत कपाटावर लावला. अण्णांची खुर्ची खिडकीशी न नेता टेबलाच्या डोक्याशीच राहू दिली आणि माझ्या जागेवर बसले. 'थिंग'ची नोंद समोर उघडी होती. पहिल्याच ओळीत भावाचा जुना शब्द होता, 'ठरलेली वेळ', आणि त्याच्या आधी पेन्सिलीने अण्णांनी काढलेली चांदणी.

"मंगळवारी अण्णा येतील," मी मोठ्याने म्हटलं. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

मग मी हात लांब केला, लाकडी ठसा भावाच्या जागेवरून ओढून माझ्या पुढ्यात ठेवला, आणि उभी राहिले.